वाघेऱ्याच्या घाटात न सांडलेलं पाणी

गणपत मिस्त्रीने मला फसवलं. मजुरी घेतली आणि काम केलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याची बाजू घ्याल... सगळेच घेतात. माझी बायकोसुद्धा.

दुसरी गोष्ट – भुतंखेतं, अंगात येणं, लिंबू-मिरची यांवर माझा काडीचा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. वर्तमानपत्राच्या या सदरात लोक असले जे अनुभव लिहितात ते मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचतो आणि हसतो. सायकलच्या कॅरिअरला स्टीलची पातेली बांधून मी धंदा सुरू केला आणि नाशिकच्या भांडी बाजारात स्वतःचं दुकान टाकलं. माझा विश्वास एकाच गोष्टीवर. भांडं हातात घ्यायचं, बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर घ्यायचं. बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे – मग समोरच्याने आईची शपथ घेतली तरी खाली ठेवायचं.

साल अठ्ठ्याहत्तर. माझ्याकडे एका डॉक्टरांकडून घेतलेली काळी अँबॅसिडर होती, तेव्हाच चौदा-पंधरा वर्षांची. इंजिन उत्तम. पण खालून गाडी पार खलास. मागचे पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचं ओझं पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बसलेल्या. सांध्यांतले रबरी बुश झिजलेले. वळणावर गाडी म्हशीसारखी एका अंगावर कलायची, आणि खड्डा आला की दणका थेट पाठीच्या कण्यात.

माझ्या कण्याचं काही नव्हतं. प्रश्न वत्सलाच्या कण्याचा होता. माझी बायको शाळेत शिकवायची. आदल्या वर्षी शाळेच्या जिन्यावरून घसरली आणि चार महिने लाकडी फळीवर उताणी पडून होती. उठून चालायला लागली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "एक जोराचा दणका बसला तर पुन्हा फळीवर. आणि मग उठण्याची खात्री मी देणार नाही."

तिची आई हरसूलला. वडील तिथे मास्तर होते, ते गेल्यावरही सासूबाई तिथेच राहिल्या. आता दिसत कमी होतं, शहरात यायला तयार नव्हत्या. पोरगी वर्षभर भेटली नव्हती. एसटीने जाणं शक्यच नव्हतं. वत्सला मला एकदाही म्हणाली नाही की आईकडे न्या. फक्त हरसूलकडचं कुणी दुकानात आलं की त्याला दोनदा चहा द्यायची, आणि दोन्ही वेळा तेच विचारायची – "आई जेवते का नीट?"

म्हणून मी गाडी गणपत मिस्त्रीकडे नेली आणि वत्सलाच्या पाठीचंही त्याला सांगितलं. नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ त्याची पत्र्याची शेड होती. साठीचा माणूस, बोलणं कमी. त्याची एक पद्धत होती. काम झालं की तांब्याचा एक पोचे पडलेला तांब्या काठोकाठ भरून मागच्या सीटवर ठेवायचा आणि गाडी फिरवून आणायचा. पाणी सांडलं तर गाडी द्यायचा नाही.

"पाटे बदलावे लागत्याल, शेठ. लय दमलेत."

"पाटे मी आणतो. तुम्ही नुसती मजुरी सांगा."

"सांगितली की तुम्ही निम्मी करणार. मंग दुप्पट सांगू का?"

"सांगा की. मी पाव करीन."

तो हसला. मी त्याला तीनदा घासलं आणि मजुरी ठरवली. मग जुन्या मालाच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याला गाठलं. दोन तास हुज्जत घातली. काळ्या रंगाने चकाकणारे नवेकोरे पाटे मी अशा भावात आणले की तो व्यापारी कपाळाला हात लावून म्हणाला, "शेठ, तुम्ही मलाच विकायला काढलंत."

ही हकिकत मी मिस्त्रीला साभिनय सांगत होतो. तो पाना घेऊन पाट्यांवर टक-टक करत होता. एकदा वाजवलं, माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाजवलं. मी बोलतच होतो.

"बरं," तो म्हणाला. "ठिवून जा."

मी कच्चा नव्हतो. मिस्त्री लोक जुनाच माल रंगवून परत बसवतात हे मला ठाऊक होतं. गाडीखाली शिरून जुन्या पाट्यांवर छिन्नीने तीन-तीन रेघा मारल्या, त्याच्या देखत. म्हटलं, "जुने सगळे पोत्यात भरून मला परत पाहिजेत. लबाडी केलीत तर सापडाल."

"शेठ, सासूबाईंनी तुमाला पोरगी दिली कशी?"

"घासाघीस केली."

दुसऱ्या दिवशी दुपारी सहज डोकावलो. गाडी चारही चाकांवर उभी. जॅक नाही, काही नाही. एक नट सैल केलेला नाही. आणि मिस्त्री मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेला, वत्सला बसते त्या जागी. माझं डोकंच फिरलं.

"झोपायची मजुरी ठरली होती का आपली?"

त्याने डोळे उघडले. राग नाही, लाज नाही. "वहिनींना नेमकं कुठं दुखतं?"

मी चिडूनच माझ्या कमरेवर, डाव्या अंगाला हात ठेवून दाखवलं. त्याने स्वतःच्या कमरेवर तिथेच हात ठेवला.

"हितं?"

"हो. पण त्याचं तुम्हाला काय?"

"बरं. उद्या गाडी घिऊन जा."

तिसऱ्या दिवशी त्याने सुतळीने तोंड बांधलेलं जड पोतं दिलं – "तुमचा जुना माल." मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून बघणारा माणूस. पण पोतं सोडलं नाही. घरी वत्सला सकाळपासून निळी साडी नेसून दारात उभी होती... आणि तिला फार वेळ उभं राहायची मनाई होती. पोतं दुकानाच्या माळ्यावर टाकलं ते तिथेच राहिलं.

गाडी देतानाच मिस्त्रीने तो पोचे पडलेला तांब्या भरून माझ्या हातात दिला होता. "वहिनींकडं द्या. हरसूलपतुर सांडलं तर मजुरी परत."

"लिहून द्या."

"पाण्याचं काय लिहून द्यायचं, शेठ?"

गिरणाऱ्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढे खडी आणि खड्डे. वाघेऱ्याच्या घाटाआधी पहिला मोठा खड्डा आला. चुकवता आला नाही. मी दात आवळले, आरशातून मागे पाहिलं. चाक खाली गेल्याचा आवाज आला. दणका आला नाही. मी तुम्हाला नीट सांगतो – आवाज आला, दणका आला नाही. वळणावर गाडी कलली नाही, रस्त्याला चिकटून गेली. वत्सला मांडीवर तांब्या धरून बसली होती, काठोकाठ पाणी, वर उन्हाचा एक ठिपका, आणि तो ठिपकासुद्धा हलत नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "जरा जोरात चालवली तरी चालेल."

सासूबाईंनी तिला ओट्यावर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या, वरपासून खालपर्यंत, मणका न् मणका चाचपून. मग त्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "जावईबापू, नाशिकचं पाणी गोड लागतंय आज."

मग नेमच झाला. महिन्यातून एक रविवार हरसूल. वत्सलाच्या मांडीवर तांब्या – जाताना नळाचं पाणी, येताना आईच्या विहिरीचं. सोमवारी मी द्वारकेवरून जायचो तेव्हा मिस्त्री विचारायचा, "पाणी?" मी म्हणायचो, "तसंच." हळूहळू तो वाकून चालायला लागला. सोमवारी तर कमरेवर हात ठेवूनच उभा असायचा. मी एकदा भर चौकात ओरडलो, "लोकांच्या गाड्या सरळ करता आणि स्वतः वाकडे!" तो हसला. त्याचं ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

सात वर्षं असं चाललं. पंच्याऐंशी सालच्या एका रविवारी आम्ही हरसूलहून परत येत होतो. दुपारचे तीन. वाघेऱ्याच्या घाटात, फार मोठाही नव्हता असा एक खड्डा आला... आणि धाडकन दणका बसला. माझं डोकं टपाला आपटलं. मागून वत्सलाचा आवाज आला, अगदी शांत.

"पाणी सांडलं हो."

तिची साडी भिजली होती. पाठ सात वर्षांत बरीच सावरली होती, म्हणून आठवडाभराच्या झोपण्यावर निभावलं. पुढचा सगळा रस्ता मी पायी चालण्याच्या वेगाने गाडी आणली.

सोमवारी द्वारकेला शेडला कुलूप. म्हणून मुंबई नाक्यावरच्या दुसऱ्या गॅरेजला गाडी नेली. तिथल्या मिस्त्रीने खाली जाऊन पाहिलं आणि मला हाक मारली.

"शेठ, हे पाटे शेवटचे कधी बदलले?"

"सात वर्षं झाली."

"कोणी सांगितलं? हे नट गाडी तयार झाल्यापासून उघडलेलेच नाहीत. गंजून एकजीव झालेत. दोन पट्ट्या तुटल्यात, त्यापण जुन्याच. ही गाडी तुम्ही घाटात नेत होता? कशी?"

मी वाकून पाहिलं. गंजाखाली माझ्या छिन्नीच्या तीन रेघा.

दुकानात आलो, माळ्यावरून पोतं काढलं, सुतळी कापली. आत मी आणलेले 'नवे' पाटे. काळ्या रंगाचे पापुद्रे सुटलेले. आयुष्यात पहिल्यांदा मी ते पेराने वाजवले.

बद्द.

हातोडीचा हलका ठोका मारला, तर एक पट्टी मधून दुभंगली. आत जुनी चीर, वरून रंग. हे मागे बसवले असते तर घाटात तुटले असते, वत्सलासकट. भांडी वाजवून पोट भरणारा मी – भाव पाडल्याच्या नशेत तेवढे पाटे वाजवायचे विसरलो. आणि मिस्त्रीने माझ्यासमोर दोनदा वाजवले होते.

तरी राग आलाच. मग मजुरी कसली घेतलीस? पोतं खांद्यावर टाकून मी त्याच्या घरी गेलो. दारात माणसं बसलेली. आत त्याची बायको, यमुनाबाई, कपाळ मोकळं. मला बघून तिने रडायचं थांबवलं.

"भाऊ, काल हरसूलला गेला व्हता का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तुमी गेला की कळायचंच. ह्यांची कंबर धरायची. हितं." तिने डाव्या अंगाला हात ठेवला. "दिवसभर उताणे पडून ऱ्हायचे. औषध नको म्हणायचे. 'शेठ घाटात हाय, उतरला की थांबंल.' काल तीन वाजता उठून बसले. म्हणाले, 'आता पाणी सांडंल बघ.' आन् गेले."

तिने पोत्याकडे पाहिलं. "काय आणलंय भाऊ?"

"काही नाही वहिनी. जुना माल."

माझा पुतण्या इंजिनिअर आहे. तो म्हणतो, गंजाने पट्ट्या आवळल्या गेल्या असतील, तुम्ही हळू चालवत असाल, आणि मिस्त्री लोकांच्या कमरा जातातच. असेल. मग मी अस्सल पाटे आणले, एकेक वाजवून. उत्तम गाडी चालते. पण तांब्या गिरणाऱ्यालाच सांडतो. या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही.

पण तक्रार माझी आहे आणि ती मी सोडणार नाही. जन्मभर मी भाव ठरवल्याशिवाय कशाला हात लावला नाही. या माणसाने मला माल दिला आणि खरा भाव सांगितला नाही, सात वर्षं. सांगितला असता तर मी नको म्हटलं असतं का? वत्सला दारात उभी होती... मला खरंच माहीत नाही. ते ठरवायची संधी तरी मला द्यायला हवी होती.

तांब्या आमच्याकडेच आहे. वत्सला रोज घासते. मिस्त्री, जिथे असाल तिथून जबाब द्या. मला विचारलं का नाहीत?