पौर्णिमा नसतानाचा ड्राय डे

आमच्या देवबागेत चंद्राचा आणि बिअरचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं मी एका परदेशी माणसाला फोनवर ठणकावून सांगितलं होतं.

त्याने विचारलंच तसं होतं. हेंक नावाचा हा गृहस्थ हॉलंडचा. वय पासष्टच्या पुढे, आणि निवृत्तीनंतर पाच वर्षं श्रीलंकेत राहिलेला. तिथे म्हणे दर पौर्णिमेला बुद्धाचा सण. सण म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे दारूची दुकानं बंद! बिचाऱ्याने साठेक पौर्णिमा कोरड्या काढल्या होत्या. त्यामुळे कुठेही जायचं ठरलं की तो आधी डायरी काढायचा. तिच्यात वर्षाच्या सगळ्या पौर्णिमा लाल शाईने गोल केलेल्या. गोव्यातल्या कुणीतरी त्याला आमचा नंबर दिला होता. खोली कशी आहे, समुद्र किती लांब, साप निघतात का, यातलं त्याने काहीही विचारलं नाही.

“पौर्णिमा अठ्ठावीसला आहे. मी ती टाळून दोन ऑक्टोबरला येतो. थंड बिअर मिळेल?”

“रोज मिळेल! चंद्र कसाही असो!” मी म्हणाले. (इंग्रजीत म्हणाले. माझं इंग्रजी जरा समुद्रासारखं आहे, भरती आली की आवरत नाही.)

तेव्हा, म्हणजे दोन हजार चार साली, देवबागेत घरोघर पाहुण्यांच्या खोल्या निघायला नुकती सुरुवात झाली होती. आमच्या दोन खोल्या निघाल्या त्या माझ्या हट्टाने. त्याआधी तिथे जाळी असायची. विलास, म्हणजे आमचे हे, होडी घेऊन मासेमारीला जाणारे. दिवसाला दहा शब्द बोलतील तर शपथ. पण खोल्यांच्या बाबतीत त्यांनी वर्षाचा कोटा एकदम खर्च केला होता.

“एक तरी फॉरेनर आठ दिस ऱ्हवलेलो दाखव. नायतर दिवाळीक माझी जाळी परत भितर!”

म्हणजे हेंकसाहेब आठ दिवस राहिले तर खोल्या माझ्या, नाहीतर जाळ्यांच्या. इतकं सरळ होतं सगळं.

आता जे सांगायला नको ते सांगते. मी आमच्या वाडीच्या महिला मंडळाची अध्यक्ष होते. दोनच वर्षांपूर्वी मोर्चा काढून शेजारच्या दादूची गावठीची भट्टी मी बंद पाडली होती. मोर्च्यात सगळ्यांत पुढे मी, हातात लाटणं! आणि तीच मी आता पाहुण्याला बिअर पाजणार होते. पण बिअर ही दारूत मोडत नाही, ती म्हणजे साहेबांची सोलकढी, अशी मी मनाची समजूत घातली. माझं मन तसं समजूतदार आहे.

तुम्ही म्हणाल, मग आदल्या दिवशी आणून ठेवायची! का म्हणून? मी मासे विकणाऱ्या घरात वाढलेली बाई. बांगडा असो की बिअर, ज्या दिवशीची त्या दिवशी आणायची. शिळी बिअर पाहुण्यापुढे ठेवून घराण्याचं नाव घालवू?

दोन ऑक्टोबर उजाडला. सकाळी शाळेत गांधीजयंतीला मी व्यसनमुक्तीवर पाऊण तास भाषण केलं. पोरं पेंगली, पण टाळ्या चांगल्या पडल्या. दुपारी हेंकसाहेब आले. उंच, लालबुंद, आणि जेवायला एक नंबर! सुरमईच्या तीन तुकड्या, त्यावर भात, त्यावर पुन्हा भात. मग खुर्ची समुद्राकडे वळवून त्यांनी पाय पसरले आणि म्हणाले, “आता बिअर.”

“तासाभरात!” म्हणत मी रिक्षा करून मालवण गाठलं.

दुकानाचं शटर बंद. दुसऱ्या दुकानाचंही बंद. तिसऱ्याला तर कुलूपही दोन!

“दुकानां कित्याक बंद रे?” मी रिक्षावाल्याला विचारलं.

“आज ड्राय डे मगे, वैनी. गांधीजयंती.” त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. आमच्याच वाडीतला तो. “सकाळी शाळेत भाषण तुमीच केलास ना?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दारूबंदीवर पाऊण तास बोलणाऱ्या बाईला त्या दिवशी दारू बंद असते हे ठाऊक नव्हतं! कसं असणार? जन्मात कधी विकत घेतली असेल तर ना!

“माका नको होती. पावण्यांसाठी व्हयी होती,” मी म्हणाले.

“व्हय, व्हय. पावण्यांसाठीच,” तो म्हणाला, आणि देवबाग येईपर्यंत एकटाच हसत राहिला.

आता उरला दादू. भट्टी बंद झाल्यापासून तो होड्यांना बर्फ पुरवायचा. मी त्याच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहिले.

“दादू, एक बाटली मिळात?”

“कसली, वैनी?”

“कसली म्हणजे... बिअरची.”

दादूने हातातला बर्फाचा हातोडा खाली ठेवला. असा सोन्याचा दिवस माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि तो घाईने वापरायचा नसतो.

“लाटणा हाडलास नाय आज?”

“दादू, मस्करी नको. पावणो वाट बघता.”

“मी म्हणतंय, भट्टी आसती तर तुमका अशी वणवण करूची पाळी इली नसती.” मग आवाज उतरवून म्हणाला, “बघतंय काय जमता काय. पण इतक्या मोठ्यान बोला नको.”

मोठ्याने मीच बोलले होते. कुंपणापलीकडे आमच्या मंडळाची सेक्रेटरी कुंदा सुके बांगडे परतत होती. तिचा हात थांबला. बांगडे तसेच राहिले आणि कुंदा पदर खोचून वाडीत निघून गेली. कुंदा काम अर्धवट टाकून उठली, म्हणजे बातमी मोठी!

घरी येऊन मी हेंकसाहेबांना खरं ते सांगितलं. परदेशी माणूस अशा वेळी काय करतो याची मी पुष्कळ वर्णनं त्यांच्याच तोंडून जेवताना ऐकली होती. श्रीलंकेत कुणी मॅनेजरवर ओरडायचा, कुणी पासपोर्ट आपटायचा, कुणी वकिलातीला फोन लावायचा. साहेब स्वतःही पहिल्या वर्षी हॉटेलच्या स्वयंपाक्याशी भांडले होते. मी ओरडा खायच्या तयारीने उभी राहिले.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी डायरी काढली, पान उलटलं, मग उन्हात हात कपाळावर धरून आकाशात चंद्र शोधला.

“पौर्णिमा होऊन चार दिवस झालेत.”

“हो.”

“मग हा कुठल्या बुद्धाचा सण?”

“बुद्धाचा नाही. हा वाढदिवस आहे. इंग्रजी तारखेने येतो.”

“म्हणजे चंद्राचा संबंध नाही!”

“ते तर मी फोनवरच सांगितलं होतं,” मी म्हणाले. (खरंच सांगितलं होतं!)

साहेबांनी डायरी मिटली. साठ पौर्णिमांचा अभ्यास असा एका तारखेने पाण्यात गेलेला पाहून माणूस ओरडणार तरी काय! ते फक्त शांतपणे म्हणाले, “गोव्याला सकाळी एसटी किती वाजता आहे?”

मला रडूच फुटलं. ओसरीवर विलास जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर करून खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनीच मोजली. मला इतका राग आला की ते जाळं त्यांच्याच डोक्यावर टाकावं!

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांना सगळे आये म्हणतात, मीसुद्धा.

“काय झाला गो? रडतंस कित्याक?”

“आये, पावणो चललो. बाटली मिळाक नाय खंय!”

“बाटली व्हयी?” आये म्हणाल्या. “घरात आसा मगे.”

मी मालवणपासून दादूपर्यंत अब्रू वाटत फिरले, आणि बाटली घरात! काखेत कळसा आणि गावाला वळसा! आयेंनी भाताच्या कणगीत हात घालून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली काजूची फेणी बाहेर काढली. दोडामार्गच्या भाच्याकडून मागवली होती.

“तुझ्या मंडळाक भियान लपवलंय. पयलो फॉरेनर इलो की राखणदाराक फेणी दितंय, असो नवस बोललंय मी.”

राखणदार म्हणजे आमच्या जागेचं रक्षण करणारा देव. घरामागच्या परड्याच्या टोकाला माडाखाली त्याचा दगड आहे. त्याला पेढेबिढे चालत नाहीत. कोंबडा, विडी आणि बाटली.

“पण आये, आज ड्राय डे!”

“विकूक बंदी आसा ना? देवाक दिवक कोणाची बंदी? आणि देवाक दिल्यार उरता तो प्रसाद. प्रसाद घेवन कोण मुंबय-गोव्याक पळान जाता काय?”

अशी बाई विधानसभेत हवी होती.

सूर्य समुद्राला टेकला असताना आम्ही सगळे माडाखाली उभे राहिलो. घरचा पुरुष म्हणून गाऱ्हाणं घातलं विलासनी. दिवसाला दहा शब्द बोलणारा हा माणूस देवापुढे सुटला तो सुटलाच!

“बा राखणदारा म्हाराजा, आज तुझ्या दारात सातासमुद्रापलीकडसून पावणो इलो हा, तेका सांभाळ. तेची बिअर चुकली ती माझ्या बायलेची चूक, ती पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आये म्हणाल्या.

“हिची खोली चलांदे. आणि चलणा नाय तर माझी जाळी सुखरूप भितर येवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” (हे मी म्हटलं नाही.)

आणि विलासनी बाटली तिरकी करून फेणी दगडावर ओतायला सुरुवात केली. मागून किंकाळी आली. साहेब! अख्ख्या तालुक्यात थेंब नाही असं दोन तासांपूर्वी ऐकलेला माणूस, आणि डोळ्यांदेखत अर्धी बाटली मातीत!

“हे काय करताय?”

“देवाला देतोय.”

“या देवाला ड्राय डे नाही?”

“त्याला कोण सांगणार?” मी म्हणाले.

साहेब हळूच मांडी घालून खालीच बसले. “आणि मी पाच वर्षं नुसता चंद्र बघत बसलो!”

आयेंनी त्यांच्यापुढे पेला धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आम्ही तीर्थ घेतो तसा, आणि घोट घेऊन डोळे मिटले. डोळे उघडले ते “मी आठ दिवस राहतो” म्हणतच! विलासचा चेहरा पडला. मला इतका आनंद झाला की आयेंनी पुढचा पेला माझ्या हातात दिला तेही लक्षात आलं नाही.

“आये, मी? मी मंडळाची अध्यक्ष!”

“राखणदार मंडळाक विचारणा नाय. पी.”

प्यायले. घशातून पोटापर्यंत कुणी चुलीतला निखारा फिरवतंय असं वाटलं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, केस सुटलेले, आणि साहेब माझ्या पाठीत थोपटतायत. नेमकी त्याच वेळी परड्याची कवाडी उघडली. आत कुंदा, तिच्यामागे मंडळाच्या चौघी, आणि सगळ्यांत मागे डोक्यावर माशांची पाटी घेतलेला दादू!

“वैनी, मिळाली एकदाची!” म्हणत दादूने बर्फातून बिअरची बाटली वर काढली. मग माझ्या हातातला पेला पाहून थांबला. “पण तुमी सुरवात केलास वाटता.”

“पावण्यांसाठी...” मी म्हणायला गेले, पण ठसक्यापुढे शब्दच फुटेना.

“आमका कळता, वैनी,” कुंदा म्हणाली. तिचे डोळे खरंच भरून आले होते. “कोणाक सांगणव नाय.”

दुसऱ्या दिवशी कुडाळहून माझ्या माहेरचा फोन आला, मी बरी आहे ना म्हणून.

हेंकसाहेब आठ म्हणता बारा दिवस राहिले आणि जाताना डायरीत माडाखालच्या दगडाचं चित्र काढून घेऊन गेले. खोल्या राहिल्या. जाळ्यांसाठी विलासनी मुकाट्याने मागे झावळ्यांचा मांगर बांधला. मंडळाचं अध्यक्षपद मात्र कुंदाकडे गेलं, आणि मी कितीही समजावलं तरी लोक मान डोलावत आणि विषय बदलत. शेवटी मी समजावणं सोडलं.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाने मला आग्रहाने बोलावलं. कुंदाने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि जाहीर केलं की तीन महिन्यांत एक थेंबही न घेतल्याबद्दल हा सत्कार आहे. बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एक-दोघी रडल्या. चार शब्द बोला म्हणाल्या, तेव्हा मी माईक हातात घेतला आणि अगदी खरं तेच सांगितलं, “सोडताना मला काहीच त्रास झाला नाही.”