उंदरापुढचा नारळ

चंद्रप्रकाश घाडी मुलांना वस्तू बिघडवायला शिकवतात, अशी जोगेश्वरीच्या त्या इमारतीत त्यांची ख्याती होती. ती अगदीच खोटी नव्हती. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर चंदूकाकांनी गणपती मंडळाची रिकामी खोली मागून घेतली आणि मुलांपुढे बंद मिक्सर, मुके रेडिओ, फुटके मोबाइल ओतले. ‘उघडा! घाबरायचं काय त्यात? मशीन म्हणजे देव नाही,’ हे त्यांचं पालुपद. दिवसभर मोबाइलवर बोट फिरवणारी पोरं दिसली की त्यांचा जीव जळायचा. यंत्र पोराच्या हातात, आणि नाचतंय कोण, तर पोर!

आता ती खोली जाणार होती. मंडळाचे अध्यक्ष दशरथ परब यांना ती एका क्लासवाल्याला द्यायची होती. काकांनी हातापाया पडून एक संधी मिळवली. भाद्रपदात अख्खी इमारत कोकणात पळते, म्हणून इथला सार्वजनिक गणपती माघात बसतो. यंदा त्याचा हलता देखावा कंत्राटदाराऐवजी मुलं करणार, असं ठरलं.

“चालला तर खोली तुझी,” दशरथ म्हणाले. “वाट लागली तर चावी द्यायची. मग रडायचं नाही हां, चंदू.”

मुलांनी भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली आणि मोदक घेऊन डोंगर चढणारा उंदीर केला. आठवीतल्या श्रुतिकाने एका छोट्या बोर्डावर असा प्रोग्राम चढवला, की उंदीर मध्येच थांबायचा, मागे वळून बघायचा आणि पुन्हा पळायचा. तो पहिल्यांदा वळला तेव्हा काका टाळ्या पिटत सुटले. प्रोग्राममधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता.

गणपती बसायच्या दिवशी मात्र त्यांना नको नको ते सुचू लागलं. खोली गेली तर मुलं कुठे जातील? आणि आपण? दिवसभर घरात सुनेच्या पायात लुडबुडायचं? मूर्ती आणायला सगळे नाक्यावर गेले, मुलंही ढोलामागे पळाली. काका देखाव्यापाशी एकटेच उरले. त्यांचे वडील गिरणीत होते, दसऱ्याला मागाची पूजा केल्याशिवाय त्याला हात लावत नसत. लिफ्टच्या मोटरपुढे काकांनीही जन्मभर तेच केलं होतं. हात आपोआप चालले. मागची फळी काढून मोटरला कुंकू लावलं, हार घातला आणि देखाव्याच्या लोखंडी पायावर नारळ आपटला.

“सांभाळ रे बाबा,” ते पुटपुटले.

नारळाचं पाणी उसळून बोर्डावर गेलं. काकांनी घाईघाईने रुमालाने पुसलं. वरून तरी कोरडं दिसत होतं, म्हणून फळी परत बसवली. कोणाला सांगायचा धीर झाला नाही.

मूर्ती मांडवात आली. दशरथनी बटण दाबलं. चर्र झालं, जळका वास सुटला आणि उंदीर जागचा हलला नाही. श्रुतिका मागे धावली. प्लग उपटून तिने फळी काढली, तर बोर्ड ओला, शेजारी करवंटीची कपची.

“काका, हे कोणी केलं?”

“मी.”

“तुम्हीच म्हणता ना, मशीन देव नाही?”

“भीती वाटली गं,” काका म्हणाले आणि भरल्या मांडवात ओक्साबोक्शी रडले.

“चावी दे, चंदू,” दशरथनी हात पुढे केला. काकांनी दिली. विनवायला तोंडच उरलं नव्हतं.

मुलांचं तिकडे लक्षही नव्हतं. बोर्ड गेला, पण मोटर जिवंत आहे, तिला थेट बॅटरी लावू, थांबवणं-वळवणं हाताने करू, असा त्यांचा वाद चालला होता. श्रुतिका दातांनी वायर सोलत होती. काका डोळे पुसत तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि मोटरकडे हात नेला.

“तुम्ही हात लावू नका,” वर न बघता ती म्हणाली. “आम्ही बघतो.”

काकांनी कुंकवाने माखलेला हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.