आईचं कोपर

मॅटी फार्डुलिस रोज सकाळी दुकान उघडण्याआधी काच पुसायची. व्हिनेगर आणि कालचं वर्तमानपत्र, दुसरं काही नाही. काचेवर आतल्या बाजूने सोनेरी रंगात 'टेड अँड सन' अशी अक्षरं रंगवलेली होती. तिथे आली की ती हात हलका करायची, सोनेरी पापुद्रा निघू नये म्हणून. एवढ्या नाजूकपणे ती आणखी कुणाशी वागलेली ऑस्ट्रेलियातल्या त्या बिंडारू गावात कुणाला आठवत नाही.

बाई तिखटच. बर्गरमधला कांदा काढून दे म्हणणाऱ्याला ती सांगायची, "कांदा नको तर घरी जाऊन सफरचंद खा." तरी माणसं यायची. गव्हाचे ट्रक घेऊन जाणारे यायचे, शनिवारी मॅच संपली की फुटबॉलवाले चिखलाच्या बुटांनी यायचे आणि शिव्या खाऊन बर्गर न्यायचे. बर्गर म्हणजे 'सगळं घालून'. खिम्याची टिक्की, अंडं, बेकन, चीज, परतलेला कांदा, अननसाची चकती आणि बीट. बीट तिचं स्वतःचं, लवंग घालून व्हिनेगरमध्ये उकळलेलं. खाताना मनगटापर्यंत लाल ओघळ यायचा. बिंडारूमधल्या एकाही पुरुषाचा शर्ट त्या डागातून सुटलेला नव्हता.

टेड म्हणजे तिचे वडील, थिओडोरोस. ग्रीसमधल्या कीथिरा बेटावरून आले. एवढं लांबलचक नाव इथल्या लोकांच्या जिभेला पेलेना, म्हणून टेड झाले. सन म्हणजे मॅटीचा धाकटा भाऊ पीटर. तो जन्मला त्याच आठवड्यात बापाने पेंटर बोलावून काच रंगवून घेतली. मॅटी तेव्हा पाच वर्षांची होती आणि उलट्या खोक्यावर बसून कांदे सोलत होती. पुढे सन सिडनीला जाऊन दातांचा डॉक्टर झाला. तव्याला त्याचा हात एकदाच लागला, तेव्हा भाजला, आणि तीच गोष्ट तो अजून पाहुण्यांना सांगतो. दुकान चालवलं आईने आणि आईनंतर मॅटीने. आईचं नाव उरानिया. पण गावाने तिला जन्मभर 'मिसेस टेड' म्हटलं.

आठ वर्षांपूर्वी हायवेला ते बर्गरचं दुसरं दुकान आलं. मॅटी त्याचं नाव तोंडातून काढत नसे, 'तिकडचे' म्हणायची. देशभर त्यांची शेकडो दुकानं, सगळीकडे तेच चित्र, तोच गोड पाव, तीच चव. तिकडे तव्यावरची टिक्की कधी उलटायची हे यंत्र टूं करून सांगतं. तिकडे कुणी कुणाला शिव्या देत नाही आणि कुणी कुणाला ओळखतही नाही. मॅटीला या सगळ्याचा राग होता, पण तो रोजचा होता, भाकरीसारखा. गिऱ्हाईक तुटलं तरी तिने त्याबद्दल कुणापुढे कधी तोंड वेंगाडलं नव्हतं. "जातील तिकडे, पोटात कळ आली की येतील इकडे," एवढं बोलून ती कामाला लागायची.

मग त्या शनिवारी कीथ आला. कीथ म्हणजे धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला म्हातारा. त्याची बायको गेली तेव्हापासून दुपारचं जेवण इथेच, खिडकीजवळच्या बाकावर. त्या दिवशी तो बसलाच नाही. टोपी हातात घेऊन काउंटरपाशी उभा राहिला.

"मॅटी, रागावू नकोस."

"अजून तू काही बोललाच नाहीस, आणि मी रागावलेलीच आहे. बोल."

"काल मी तिकडे गेलो होतो. नातीला घेऊन. तिला ते बर्गरबरोबर मिळणारं खेळणं पाहिजे होतं."

"गेलास तर गेलास. चर्चमध्ये जाऊन कबूल कर, मला कशाला सांगतोस?"

"तुझा बाप आहे तिकडे भिंतीवर. टेड. हा एवढा मोठा फोटो."

मॅटीच्या हातात उलथणं होतं. रुंद पात्याचं, जाड लोखंडाचं, लाकडी मूठ झिजून बोटांच्या खाचा पडलेलं. ते खाली ठेवायचंही तिला भान राहिलं नाही. तिने गॅस बंद केला, दाराला कुलूप घातलं आणि कीथच्या गाडीत जाऊन बसली. शनिवारी भर दुपारी ते दार बंद झालेलं कीथने पहिल्यांदाच पाहिलं. रस्ताभर त्याने नजर समोरच ठेवली, आणि ते शहाणपणाचं होतं.

तिकडे गर्दी होती. मॅटीला पाहून निम्म्या लोकांनी मान खाली घातली. तिची पोस्टवाली, तिचा प्लंबर, चौदा वर्षांखालच्या फुटबॉल टीमचा कोच, सगळे कागदात तोंड खुपसून बसले होते. मॅटीने एकेकाकडे नीट पाहून घेतलं. "चावून खा रे," ती कोचला म्हणाली, आणि पुढे गेली.

फोटो मधल्या भिंतीवर होता, दरवाजाएवढा. खाली लिहिलं होतं: 'बिंडारूचा पहिला बर्गर, टेडच्या हातचा. आम्ही तोच वारसा चालवतो.' बाजूला नव्या बर्गरची जाहिरात, खास ऑस्ट्रेलियन पद्धतीने बीट आणि अंडं घातलेला, फक्त या महिन्यापुरता. वर्षातून एकदा तिकडच्यांना देशप्रेमाचा असा झटका येतो.

फोटो तिच्या ओळखीचा होता. मूळ फोटो तिच्या गल्ल्यावर लटकत होता, लहानपणापासून पाहिलेला. पेंटरने काच रंगवली त्याच दिवशी काढलेला. बाबा छाती पुढे काढून उभे, हातात उलथणं तलवारीसारखं धरलेलं, आणि त्यांच्या शेजारी तव्यापाशी आई. पण भिंतीवर आई नव्हती. बाबांच्या दंडाला लागून फुलाफुलांच्या बाहीचं एक कोपर तेवढं राहिलं होतं. ते कापलं असतं तर बाबांचाही हात कापला गेला असता, म्हणून राहिलं.

मॅटीने तो नवा बर्गर मागवला. खोक्यातून काढला, वरचा पाव उचलला आणि कीथला दाखवला. डब्यातल्या बिटाची एकच चकती, थंडगार, पाणी सुटलेली. अंडं वाटीत घालून वाफवलेलं, बरोबर गोल. कांदा नावालाही नव्हता.

"आईने हे कुत्र्याला घातलं नसतं," ती म्हणाली. "आणि यांनी तिला कापून काढलं."

दुकानाची मॅनेजर बाहेर आली. ब्रॉनी. शाळेत असताना तिने मॅटीकडे कांदे कापले होते, शिव्या खाल्ल्या होत्या, आणि लग्नाच्या दिवशी मॅटीकडूनच बर्गर मागवले होते. ती हात पुसत म्हणाली, "मॅटी, मी तुला सांगणार होते गं. फोटो वरच्या ऑफिसातून आला, लावायची माणसंही वरूनच आली. परवानगी तुमच्या घरातूनच मिळालीय म्हणाले."

"कुणाच्या घरातून?"

परवानगी देणारं घरात दुसरं एकच माणूस होतं. मॅटीने तिथेच फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. ऐकू दे सगळ्यांना. रागावली की ती भावाला पुऱ्या ग्रीक नावाने हाक मारायची.

"पानायोती. भिंतीवर बाबा आहेत. आई कुठेय?"

"अगं, पोहोचला का फोटो? कसा दिसतोय? फार छान बोलले गं ते लोक फोनवर. बाबांचा मान राखला जाईल म्हणाले, म्हणून मी हो म्हटलं, माझ्याकडची प्रत पाठवून दिली. तुला सांगणार होतो, पण—"

"मी विचारलं, आई कुठेय?"

"फोटोत तिचे डोळे मिटलेत ना, मॅटी. त्यांनीच विचारलं, बाईंचे डोळे मिटलेत, कापू का? मी म्हटलं कापा. वाईट दिसत होतं ते."

"मिटलेले नाहीत. ती तव्याकडे बघतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे कांदा करपत होता! बाबांनी फोटोसाठी उलथणं तिच्या हातातून काढून घेतलं, आणि ही तिथे रिकाम्या हाताने उभी. आयुष्यभर तो फोटो पाहिला की सांगायची. त्या दिवशी माझा कांदा करपला, म्हणायची."

"मला नाही कधी सांगितलं."

"तू कधी बसलास तिच्याजवळ? तू सन ना? तू काचेवर होतास!"

पलीकडून भाऊ म्हणाला, की मॅटी नेहमीच असा तमाशा करते, की एवढ्याशा गोष्टीवरून घराण्याची शोभा कशाला, की आता एक पेशंट बसलाय. मॅटीने फोन बंद केला. तिचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याचाही तिला राग आला.

"उतरव," ती ब्रॉनीला म्हणाली.

"मला नाही गं उतरवता येत. वरून विचारावं लागतं. आणि ते स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघतही नाहीत."

मॅटीने हातातलं उलथणं पाहिलं. तेच उलथणं, फोटोतलं. मग तिने बाक ओढला, त्यावर चढली, चौकटीच्या मागे पातं सारलं आणि दोन्ही हातांनी जोर केला. आयुष्यभर चिकटलेलं खरवडून काढायची सवय असलेला हात तो. प्लास्टर कडकड बोललं. कुणीतरी पोरगं टाळ्या वाजवायला लागलं, त्याच्या आईने त्याला दाबलं.

"मॅटी, वर कॅमेरा आहे," ब्रॉनी मोठ्याने म्हणाली. "मी तुला नाही म्हणतेय. सगळे ऐकताय ना? मी नाही म्हणतेय." आणि असं म्हणत म्हणत तिने चौकटीची खालची बाजू दोन्ही हातांनी धरली, मॅटीच्या अंगावर पडू नये म्हणून.

"पोलिसात दे माझं नाव," मॅटी वरून म्हणाली. "स्पेलिंग येतं ना?"

"येतं गं बाई. खाली उतर आधी, पडशील."

कीथच्या गाडीच्या मागच्या हौद्यात बाबा उताणे पडून आले. दुकानासमोर फुटबॉलवाले कुलपाकडे बघत उभे होते, एरवी दंगा करणारी माणसं गरिबासारखी. मॅटीने कुलूप काढलं. फोटो आत नेऊन भिंतीकडे तोंड करून उभा केला. गॅस पेटवला, तव्यावर तेल आणि पसाभर कांदा टाकला. "थांबा," ती बाहेरच्यांना म्हणाली. "आणि बूट पुसा रे."

मग ती आई उभी राहायची तिथे उभी राहिली आणि समोर पाहिलं. तव्यापासून काच सरळ समोर येते. आतून ती सोनेरी अक्षरं उलटी दिसतात. मिसेस टेड त्या जागेवर उभी राहिली, म्हातारी झाली, आणि तिला ती अक्षरं जन्मभर उलटीच दिसली. बाहेरच्यांना सुलट. बापाचं नाव, मुलाचं नाव. तिकडच्यांनी आईला या वर्षी कापलं. इथे ती पहिल्यापासूनच नव्हती. आणि मॅटी तरी कुठे होती?

ती काउंटरच्या बाहेर आली. उलथण्याचं पातं तिने काचेला टेकवलं, 'सन'च्या खाली, आणि वर ढकललं. सोनं वाळलेल्या सालीसारखं निघालं आणि तिच्या हातावर, एप्रनवर पडलं. बाहेरची पोरं काचेपाशी सरकली.

कीथ दारातून घाईने आत आला. "मॅटी! अगं, काय करतेस? टेडच्या हातचं आहे ते. सगळं गाव ओळखतं त्याला."

"पेंटरच्या हातचं आहे. बाबांनी नुसतं बोट दाखवलं."

"तरी पण. इतकी वर्षं होतं ते तिथे."

"आपोआप राहिलं का रे तिथे?" मॅटी वळून म्हणाली. तिचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "इतकी वर्षं रोज सकाळी मी पुसलं ते. हात हलका ठेवून. माझ्या भावाचं नाव जाऊ नये म्हणून मी, कीथ, मी!"

कीथने टोपी काढली, परत घातली. तो तव्याकडे बघायला लागला, कारण तिकडून धूर यायला लागला होता.

"मॅटी," तो हळूच म्हणाला, "कांदा करपतोय."

"करपू दे," मॅटी म्हणाली, आणि तिने पातं 'टेड'च्या खाली घातलं.