मला मामांनी पाठवलंय

आयुष्यभर लोकांचे दात इकडून तिकडे पोचवणाऱ्या माझ्या मामाला स्वतःचा पडलेला पुढचा दात बसवून घ्यायला कधी सवड झाली नाही. हसला की ती खिंड दिसायची, आणि हसायचा तर तो सारखाच. मामी म्हणायची, "हे लॅबची जाहिरात करतात की बदनामी, देव जाणे."

मामा दातांच्या लॅबमध्ये कामाला होता. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा साचा घेतात, तो लॅबमध्ये जातो, तिथे त्यावरून कॅप किंवा कवळी तयार होते आणि ती परत दवाखान्यात येते. या सगळ्या नेआणीचं काम मामाकडे. स्कूटरच्या मागच्या सीटवर आतून फोम लावलेली पेटी, पेटीत कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात कुणाचा तरी जबडा. रस्त्यात खड्डा आला की तो आधी पेटीला जपायचा, मग स्वतःच्या कमरेला. शहरातले सगळे दातांचे डॉक्टर त्याला ओळखायचे. त्यांच्याहून जास्त ओळखायच्या त्या दवाखान्यांतल्या असिस्टंट मुली. सगळ्यांचा तो दातवाले मामा.

पण त्याचा खरा जीव वेगळ्याच कामात होता. साचा हातात मिळेपर्यंत दवाखान्याच्या दारात थांबावं लागतं, आणि दारात थांबलेल्या माणसासमोर लोक काहीही बोलतात. कोण लग्न होऊन दुसऱ्या शहरात चाललीय, कोणता डॉक्टर दुसरा दवाखाना उघडतोय, कुणाचा टेक्निशियन परदेशी निघालाय, हे सगळं मामाच्या कानावर पडायचं. मग तो ते योग्य माणसाच्या कानावर घालायचा. निम्म्या दवाखान्यांतल्या मुली त्याने कामाला लावलेल्या होत्या, असं तो सांगायचा. मी त्याला फेकू नकोस म्हणायचे, पण खरंच होतं ते.

"चांगली जागा पेपरात येतच नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "पेपरात येते ती कुणी न घेतलेली. चांगली जागा कुणाच्या तरी बोलण्यात असते, ती तिथेच उचलायची."

याला कुणी वशिला म्हटलं की तो भडकायचा. नालायकाला आत ढकलणं म्हणजे वशिला. मी फक्त लायक माणसाला दार कुठे आहे ते सांगतो, आत त्याने स्वतःच्या पायाने जायचं, असं त्याचं म्हणणं. आणि त्याचे दोन नियम होते. एक, जागा कुणाची आणि का रिकामी होतेय ते विचारायचं नाही. विचारलं की सांगणारा सावध होतो आणि पुढच्या वेळी गप्प बसतो. दुसरा, मुलाखतीला गेलं की आधी पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं, शिक्षण मागाहून. न दिलेल्या जाहिरातीवर आलेला माणूस बघून समोरचा दचकतो, त्याला आधी कळू दे तू कुणाची आहेस, असं तो शिकवायचा.

मी दात बनवते. मेण कोरून, प्लास्टर घासून, रंग जुळवून. ज्या छोट्या लॅबमध्ये होते ती बंद पडली. नवी मशिनं घेतलेल्या मोठ्या लॅबनी आमची गिऱ्हाइकं ओढून नेली आणि आमच्या मालकाने एके सकाळी शटर वर केलंच नाही. घरात मी आणि आई. आईचं शिवणकाम डोळ्यांमुळे सुटलेलं. दिवसभर अर्ज करायचे आणि उत्तर न येण्याची सवय करून घ्यायची, असं चाललं होतं. मामाला मूलबाळ नाही, त्यामुळे माझी काळजी त्याने माझ्याहून जास्त लावून घेतली होती. पेटी घेऊन फिरताना प्रत्येक दारात माझ्यासाठी शब्द टाकत होता.

आणि एका संध्याकाळी तो आमच्याकडे उड्या मारतच आला. चप्पल काढायचंही भान नाही.

"मिळाली! तुझ्यासाठीच केलीय म्हण ना!"

बातमी चष्मेवाल्या ताईकडून आली होती. ही एका मोठ्या दवाखान्यातली मुख्य असिस्टंट, मामानेच लावलेली. तिच्या डॉक्टरांचा एक मित्र एका लॅबमध्ये भागीदार म्हणून येत होता. त्याला दात बनवता येणारं आणि शिवाय दवाखान्यांत जाऊन पेशंटच्या दातांचा रंग बघणारं, फोटो काढणारं माणूस हवं होतं. जाहिरात देणार नव्हता. ताईने त्याचा नंबर मामाला दिला होता.

"कुठली लॅब?" मी विचारलं.

"ते तिलाही माहीत नव्हतं. पुढे काहीतरी सांगायला लागली होती, म्हटलं राहू दे, मला ते ऐकायचं नाही." मामा खिंड दाखवत हसला. "जागा आहे ना? मग झालं तर."

त्या भागीदाराचं ऑफिस एका इमारतीत वर होतं. काचेचं टेबल, भिंतीला टेकवलेली न उघडलेली खोकी आणि टेबलावर दातांच्या रंगांची पट्टी, पांढऱ्यापासून पिवळट होत गेलेली. भागीदार माझ्याहून फार मोठा नसेल. सभ्य माणूस. बसा म्हणाला, पाणी दिलं. मामा खाली स्कूटरपाशी थांबला होता. त्याने शिकवल्याप्रमाणे मी पहिलंच वाक्य बोलले.

"मला मामांनी पाठवलंय. म्हणजे दातवाले मामा, सगळ्या दवाखान्यांत जातात ते. माझे सख्खे मामा."

त्याच्या हातातला कप बशीवर ठेवताना वाजला. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "त्यांना कळलं?"

"काय?"

"म्हणजे, मालकांनी सांगितलं त्यांना? ते तर मला म्हणत होते, माझा धीर होत नाही, अजून थोडं थांबू."

मला काही उलगडेना. मी बावळटासारखी हसले. मुलाखतीत गप्प बसण्यापेक्षा हसलेलं बरं, एवढंच तेव्हा सुचलं.

"आणि तरी त्यांनी तुम्हाला पाठवलं?" तो खुर्चीतून अर्धवट उठला होता. "स्वतःच्या जागेवर? कमाल आहे हो. मी इथे विचार करतोय की त्या म्हाताऱ्या माणसाला कसं सांगायचं, आणि त्यांनी स्वतःच..."

तो बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. नुसती पेटी वाहणारा माणूस आता ठेवता येत नाही, तेच माणूस तांत्रिकही हवं, असं काहीतरी तो सांगत होता. मी त्या पट्टीवरच्या दातांकडे बघत बसले. एकच गोष्ट डोक्यात घण घालत होती. मामा खाली उभा आहे. त्याला माहीत नाही.

"मग त्यांनाही ठेवा ना," माझ्या तोंडून निघालं.

"दोघं नाही परवडणार," तो खरोखरच ओशाळून म्हणाला. "पण तुमची जागा पक्की समजा. त्यांच्या शब्दावर."

उद्या सांगते म्हणून मी उठले. लिफ्टची वाट न बघता जिने उतरले. मामा पेटीवर हात ठेवून उभा होता आणि मला बघताच भुवया उडवून विचारत होता, काय झालं?

असल्या गोष्टी सांगायची काही रीत असेल, तर ती मला ठाऊक नव्हती. मी धाडकन सांगून टाकलं. "मामा, ती तुझी लॅब आहे. जागा तुझी आहे. तुला काढतायत."

तो हसला. "वेडी की काय! सकाळीच भेटले मालक. मामीच्या गुडघ्यांचं विचारत होते."

"वर बसलेत ते नवे भागीदार आहेत. त्यांना वाटलं तुला माहीत आहे."

तो पेटीचा पट्टा घट्ट करू लागला. पट्टा घट्टच होता. दोन-तीनदा ओढला, मग तसाच हातात धरून राहिला. त्याचा चेहरा असा झाला होता की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं आणि बघताही येईना. लॅब एका खोलीत होती तेव्हापासून तो तिथे होता. मालकांबरोबर त्याने पहिलं टेबल जिन्यावरून वर चढवलं होतं.

"मला कसं नाही कळलं?" तो म्हणाला. "अगं, मला कसं नाही कळलं हे?"

याचं उत्तर मी काय देणार? मला त्याचाच राग आला होता. ताई सांगत होती तर ऐकून घ्यायला काय झालं होतं! मी बोललेही तसं, भर रस्त्यात, मोठ्याने. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. मग त्याने वर बघितलं.

"इतक्या जणांना लावलं ना मी," तो म्हणाला. "त्यांच्या आधी तिथे कोण होतं ग?"

हा विचार मला कधीच शिवला नव्हता. त्यालाही नव्हता, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

मामाच्या घरी गेल्यावर मामीने सगळं ऐकलं आणि ओट्याला धरून उभीच राहिली. मी म्हटलं, मी जाणार नाही, उद्या नाही म्हणून कळवते. त्यावर मामा माझ्यावर ओरडला. जन्मात पहिल्यांदा.

"तू नाही म्हणालीस की माझी जागा मला राहील असं वाटतंय तुला? परवा दुसरं कोणीतरी येईल, आणि त्याला मी गल्ल्या दाखवत फिरू?"

"म्हणून मी तुझ्या पोटावर पाय देऊ?"

"पाय कसला देतेस! मीच पाठवलंय तुला." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांना काय वाटतंय? की मला माहीत होतं?"

"हो."

"मग तसंच वाटू दे."

मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "घे बाई. परक्यापेक्षा तू बरी." आणि आत निघून गेली. मला तिचा एवढा राग आला, आणि तेवढीच लाजही वाटली.

मी होकार कळवला. आईला कळलं तेव्हा ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही. आपल्या भावाबद्दल तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही.

मग मामाने मला फिरवलं. त्याच्या स्कूटरवर, मांडीवर पेटी घेऊन. प्रत्येक दवाखान्यात तो सवयीने दारात थांबायचा आणि मला पुढे करायचा. "ही माझी भाची. माझ्या जागी येतेय. म्हटलं, आता तरुण माणूस हवं, मीच सांगितलं मालकांना." एवढं सफाईने खोटं बोलता येतं त्याला, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर त्याची पाठ थोपटायचे. एका वयस्कर डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. असं मन कुणाचं असतं आजकाल, म्हणाल्या. लॅबमध्ये मालकांनी तर त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, बरं झालं तूच विषय काढलास. मामा हसत होता. मी शेजारी दगडासारखी उभी. मालकांच्या हायसं वाटलेल्या चेहऱ्याकडे बघून मला ओरडावंसं वाटत होतं की मामाने विषय काढलेला नाही, तुम्ही त्याला फसवलंत! पण मामाने डोळ्यांनी दटावलं आणि मी तोंड मिटलं.

चष्मेवाल्या ताईचा दवाखाना सगळ्यात शेवटी होता. मामानेच तसं ठेवलं होतं. दुपारची वेळ, बाहेरच्या बाकांवर कोणी नाही. ताई अवजारं पुसत होती.

"ही माझी भाची," मामाने सुरुवात केली. "माझ्या जागी येतेय. म्हटलं, आता..."

ताईच्या हातातलं फडकं थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, मग मामाकडे. शहरभर फिरलेलं ते खोटं इथे चालणार नव्हतं, कारण नंबर मागताना मामा किती खूश होता ते हिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "ती जागा तुमची होती?"

मामा पेटीकडे बघू लागला.

"देवा! आणि मी... मामा, मी सांगत होते तुम्हाला, की जुन्या माणसाला अजून कळवलेलं नाही, तुम्ही बोलूच दिलं नाहीत मला!" तिने तोंडावर हात धरला. चष्म्याच्या आत डोळे भरून आले होते.

"तुझी काही चूक नाही," मामा म्हणाला. "रडू नकोस, पेशंट येतील."

तो दारातून आत आला. इतक्या वर्षांत तो या उंबऱ्याच्या आत आल्याचं ताईने पाहिलं नव्हतं, हे तिनेच मला नंतर सांगितलं. टेबलाच्या कडेवर त्याने बोटं टेकवली. मला वाटलं तो तिची समजूत काढणार, काहीतरी गंमत करणार. पण त्याला हसू येत नव्हतं. ओठ मिटून, मान थोडी खाली घालून तो तिला म्हणाला,

"माझ्यासाठी कुठे काही ऐकलं आहेस का ग?"

कधीही, कुणाच्याही दारात, त्याने स्वतःसाठी काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं. तो काम मागत होता. या वयात, मीच धरलेल्या पेटीसमोर, त्यानेच नोकरीला लावलेल्या मुलीकडे. आवाजही कसा, नव्याने शिकून आलेल्या उमेदवारासारखा, अदबीचा.

ताईने डोळे पुसले. काहीतरी आठवायचा तिने खरंच प्रयत्न केला, ते दिसत होतं. मग म्हणाली, "बघते हं मामा."

ज्यांच्याकडे काहीच नसतं ते असंच म्हणतात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"बघ," मामा म्हणाला. "काहीही चालेल."