दादांनी नापास केलेली बॅग

जगात ज्या ज्या वस्तूला झाकण आणि मूठ असते, तिच्याविषयीचं सगळं ज्ञान परमेश्वराने माझ्या बहिणीच्या थोरल्या दिरांना दिलं होतं आणि भांड्याला चिकटून राहिलेलं तेवढं बाकीच्या मानवजातीत वाटलं होतं. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. शाईच्या पुड्या विकणाऱ्या एका कंपनीचे ते फिरते विक्रेते. दौंड, कुर्डुवाडी, बार्शी, सोलापूर आणि पुढे पार हुबळीपर्यंतची 'लाइन' त्यांच्याकडे होती. महिन्यातले बावीस दिवस ते फिरतीवर असत आणि उरलेले आठ दिवस लोणावळ्याच्या घरी ओसरीवर बसून जगाच्या सामानावर मत देत. लोणावळ्यात हवा खायला येणाऱ्यांचे टांगे त्यांच्या दारावरूनच जात. दादा माणसांकडे बघत नसत. टांग्याच्या मागे बांधलेल्या सामानाकडे बघत. "ती वळकटी बघा मास्तर," ते मला म्हणत, "तीन पट्टे आणि तिन्ही वेगवेगळ्या भोकांत. नवराबायकोचं स्टेशनावरच भांडण झालेलं आहे." मी तळेगावच्या शाळेतला मास्तर, बहिणीकडे रविवारी जाणारा. वळकटीवरून मला संसार दिसत नसे. पण थोड्याच वेळात त्या टांग्यातली बाई एकटीच परत स्टेशनाकडे जाताना दिसली, तेव्हापासून मी वाद घालणं सोडून दिलं.

स्वतःच्या सामानाच्या बाबतीत तर ते परीक्षक नव्हते, सत्त्वपरीक्षा घेणारे ऋषी होते. कातड्याची बॅग त्यांनी एका पावसाळ्यात बाद केली, कारण लोणावळ्याच्या हवेत तिला पांढरी लव फुटली आणि ती जिवंत असल्याचा त्यांना संशय आला. कॅनव्हासची बॅग बार्शीच्या शेळीने बाद केली. बाजारातले पेटीवाले चाचा त्यांना पत्र्याच्या ट्रंका करून देत. दादा नवी ट्रंक घ्यायला आले की आधी तिच्यात डोकं घालून झाकण लावून घेत आणि आतून उजेड दिसतो का ते बघत. एकदा बराच वेळ डोकं बाहेर येईना तेव्हा चाचा मला म्हणाले, "मास्तर, ट्रंक मी भट्टीपाशी बसून करतो, पण घाम मला ही परीक्षा बघताना फुटतो." आतून दादांचा आवाज आला, "चाचा, डाव्या कोपऱ्यात एक तारा दिसतोय." चाचांनी तो तारा मुकाट्याने डाग देऊन बुजवला.

या कडकपणामागे एक निळी कहाणी होती. माझ्या बहिणीच्या लग्नाला दादा फिरतीवरून परस्पर आले. वाटेत पाऊस, ट्रंकेला भोक आणि आत शाईच्या पुड्या. वहिनींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, त्यांनी मोतिया रंगाचं एक इरकली लुगडं आणलं होतं. ते बाहेर आलं तेव्हा कोणी तरी आभाळ घडी घालून ठेवावं तसं दिसत होतं. वहिनींनी ते तसंच नेसून लग्न पार पाडलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला 'नवीन तऱ्हा आहे' असं सांगितलं. पण तेव्हापासून दादांच्या हाती एक हुकमी कारण आलं. स्वतःचं लग्न झाल्यापासून वहिनींना त्यांनी प्रवासाचं वचन दिलं होतं, रामेश्वराचं. बिचाऱ्या पुण्याच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. विषय निघाला की दादा म्हणत, "नेतो ना. पण तुझी लुगडी शाईच्या ट्रंकेत कशी घालू? एक धड बॅग मिळू दे, दुसऱ्या दिवशी निघू." असं म्हणता म्हणता त्यांच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तोवर वहिनी त्यांच्या तोंडून प्रवास ऐकत. पहिल्या वर्गाची वेटिंग रूम, तिथली लांब हातांची आरामखुर्ची, पायाशी ट्रंक ठेवून अदबीने उभा राहणारा हमाल आणि 'साहेब, चहा' म्हणत येणारा बटलर. दादा सांगायला लागले की आपण लोणावळ्यात राहून आयुष्य फुकट घालवलं असं वाटे.

अशात माझा भाचा, दादांचा पुतण्या, बोटीवरच्या नोकरीतून दिवाळीला घरी आला आणि काकांसाठी परदेशातून एक बॅग घेऊन आला. राखाडी रंगाची, अंड्याच्या कवचासारखी कडक आणि गुळगुळीत, आत रेशमी अस्तर, आणि कड्या अशा की नुसत्या अंगठ्याने सरकवल्या की चट्‌ चट्‌ करून उघडत. "काका, सारखा प्रवास करणारी मोठी माणसं हीच वापरतात," तो म्हणाला. "विमानात पायाशी ठेवता येते." घरातले सगळे तिच्याकडे नवी सून बघावी तसे बघत होते. वहिनी आत गेल्या आणि थोड्या वेळाने बघतो तर मागच्या अंगणात दोन ठेवणीतली लुगडी धुऊन वाळत घातलेली.

दादांनी ती लुगडी पाहिली आणि जाहीर केलं, "आधी परीक्षा."

पहिली परीक्षा बैठकीची. बॅग ओसरीवर उभी करून दादा तिच्यावर दोन तास वर्तमानपत्र वाचत बसले, आणि गाडीत बसल्यासारखे सतत डावीकडे-उजवीकडे डुलत राहिले. "आपल्याला जागा असतेच," ते वहिनींना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण इतर प्रवाशांचाही विचार करावा लागतो. मास्तर, तुम्ही भिगवणला चढलेला माणूस व्हा." मी भिगवणला चढलेला माणूस झालो. त्यांच्या अंगावरून, पायावरून दोनदा गेलो; तिसऱ्यांदा त्यांच्या सूचनेवरून बोचकं घेऊन गेलो. बॅगेला पोचा पडला नाही, माझ्या खुशालीची मात्र शेजारच्या घरातून विचारपूस झाली. मग मुंग्यांची परीक्षा. चिक्कीची एक अख्खी वडी आत ठेवून बॅग वारुळाशेजारी ठेवली. मुंग्यांनी दोन दिवस तिला प्रदक्षिणा घातल्या आणि निराश होऊन परत गेल्या. वहिनींनी लुगड्यांना इस्त्री केली.

मग चढाची परीक्षा. दादांनी बॅगेत विटा भरल्या आणि आम्ही मळवलीला उतरलो. लोहगडवाडीचा कोंडिबा तिथे स्टेशनावर तांदळाची पोती आणून देई. त्याच्या डोक्यावर बॅग चढवली आणि वाडीपर्यंतची चढण सुरू केली.

"आत काय हाय म्हनायचं, दादा?" अर्ध्या वाटेत कोंडिबाने विचारलं.

"विटा."

"मंग वाडीत घर बांदताय व्हय?"

"नाही. परत खाली न्यायच्यात."

कोंडिबा थांबला. त्याने मान न हलवता फक्त डोळे माझ्याकडे वळवले आणि हळूच म्हणाला, "मास्तर, ह्यांच्या घरी ठावं हाय का?"

वाडीत पोचल्यावर त्याने मत दिलं ते असं, की पेटी लय ग्वाड हाय, पर डोक्यावर ठरंना. चुंबळीवरून अशी सरकती, जनू भिजल्या म्हशीवर बसलीय. दादांनी ते वाक्य खिशातल्या वहीत लिहून घेतलं, तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला होता. मला ते जरा चमत्कारिक वाटलं.

शेवटची परीक्षा पाण्याची. त्यासाठी आम्ही तळेगावहून टांगा करून इंदुरीला इंद्रायणीवर गेलो. बॅगेत दादांनी एक पांढरंशुभ्र धोतर ठेवलं, त्यावर शाईची फोडलेली पुडी ठेवली, कड्या लावल्या, मुठीला दोरी बांधली आणि दुसरं टोक माझ्या हाती देऊन बॅग नदीत सोडली. मी तपकीर काढायला म्हणून एक हात मोकळा केला आणि दोरी गेली. बॅग इंदुरीच्या किल्ल्याच्या जुन्या तटाखालून एखाद्या संस्थानिकासारखी डौलात निघाली. आम्ही काठाने पळत. खाली एक आबा म्हशी धूत होते. त्यांनी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिला अडवलं, कान लावून काही ऐकलं आणि मग आम्हाला म्हणाले, "कुनाची वो ही? आत कुनी मानूस तर न्हाई ना? लय आबदार दिसती म्हून इचारलं."

दादांनी काठावर बॅग उघडली. धोतर कोरडं, पांढरं, बगळ्यासारखं. शाईचा एक ठिपका नाही. मी आनंदाने टाळी वाजवली. दादा मात्र घाटाच्या पायरीवर मटकन बसले.

"पास झाली, मास्तर," ते म्हणाले.

"मग वाईट काय झालं?"

"आता तुमच्या वहिनींना न्यावं लागेल."

मला काही कळेना. दादा पाण्याकडे बघत बोलत राहिले. "वेटिंग रूम, आरामखुर्ची, बटलर. तुम्ही ऐकलंय सगळं. मास्तर, मी कुर्डुवाडीला बार्शीच्या छोट्या गाडीची वाट बघत फलाटावर ट्रंकेवर बसतो. शेंगदाणे खातो. दुकानात गेलं की 'शाईवाले, थांबा जरा' म्हणतात, आणि तो जरा दुपारपर्यंत चालतो. उभ्याने. 'दादा' मी फक्त लोणावळ्यात आहे. ती बरोबर आली, तिनं ते सगळं बघितलं, म्हणजे मग घरी तरी मी कोण उरलो?"

मी मुठीची ओली दोरी सोडून गुंडाळली. परतीच्या टांग्यात ती बॅग आम्हा दोघांच्या मध्ये होती, आणि इतकी वर्षं दादा प्रत्येक बॅगेतला दोष इतक्या कसोशीने का शोधत होते, ते मला आता उमगत होतं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी दादांनी ओसरीवर निकाल दिला. वहिनी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. दादा वहीतून वाचत होते. "बॅग उत्तम आहे. पाण्यात उत्तम, मुंग्यांत उत्तम. पण हमालाच्या डोक्यावर ठरत नाही. प्रवासात हमालाशिवाय पान हलत नाही. सबब, नापास."

आत माझ्या बहिणीचा भांड्यांचा आवाज थांबला.

"कुठला हमाल?" वहिनींनी विचारलं.

"कुठला म्हणजे? स्टेशनावरचा."

"सव्वीस वर्षं तुमचे कपडे मी धुते आहे. हमाल करणाऱ्या माणसाच्या सदऱ्याला उजव्या खांद्यावर गंजाचा डाग पडत नाही. आरामखुर्चीत बसणाऱ्याच्या धोतराला मागे ट्रंकेच्या कडीचा ठसा उमटत नाही. आणि खिशात शेंगदाण्याची फोलपटं. ती काय बटलर आणून देतो?"

दादांनी वही मिटली. त्यांना माझ्याकडे बघवेना, मला त्यांच्याकडे. त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सांगता छान तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "मध्येच कशाला तोडायचं?" मग जरा पुढे येऊन म्हणाल्या, "रामेश्वर राहू दे. मला तुमची लाइन बघायची आहे. कुर्डुवाडी दाखवा."

"अगं, तिथं बघण्यासारखं काही नाही. बसायलासुद्धा नाही."

"आरामखुर्चीत एकच माणूस बसतो. ट्रंकेवर दोघं मावतात."

दादांनी बॅग जवळ ओढली. अंगठ्यांनी कड्या उघडल्या, लावल्या, परत उघडल्या. मग आतलं ते पांढरं धोतर बाहेर काढून ठेवलं आणि म्हणाले, "तुझी लुगडी यात घाल. शाई ट्रंकेत राहील."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना पोचवायला स्टेशनावर गेलो. ट्रंक दादांच्या उजव्या खांद्यावर होती, उघडपणे. बॅग वहिनींच्या हातात. ती त्यांनी कोणालाही धरू दिली नाही. त्या दिवशी फलाटावर सामानाचे ढीग पडले होते, पण दादांनी एकाही वळकटीवर मत दिलं नाही. गाडी हलली तेव्हा वहिनी खिडकीत होत्या आणि मान बाहेर काढून पुढेच बघत होत्या, मागे बघून हात हलवायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बारा दिवसांनी दोघं परत आले. दादांनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की त्यांना दुपारपर्यंत उभं ठेवणाऱ्या बार्शीच्या एका दुकानदाराने वहिनींना बघून खुर्ची पुढे केली, तर वहिनी म्हणाल्या, 'हे उभे असताना मी कशी बसू?' मग दुसरी खुर्ची आली. "त्या दुकानात दुसरी खुर्ची आहे," दादा म्हणाले, "हे मला माहीतच नव्हतं."

पुढे शाळांत बॉलपेन आलं, शाईच्या पुड्या गेल्या आणि दादा कायमचे घरी आले. आता त्यांच्याकडे कोणी गेलं की प्रवासाच्या गोष्टी वहिनी सांगतात. कुर्डुवाडीचा फलाट, तिथल्या लिंबाच्या झाडाची सावली, शेजारी बसलेल्या बाईने दिलेली चटणी-भाकरी, छोट्या गाडीचं हळूहळू येणं. दादा कोपऱ्यात बसून ऐकतात. या माणसाला इतका वेळ गप्प बसता येतं हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं. दर वेळी गोष्टीत काही तरी नवीन येतं. गेल्या रविवारी गेलो तर वहिनी सांगत होत्या, की आम्ही ट्रंकेवर बसलो होतो आणि रुळांपलीकडून एक मोर चालत फलाटावर आला. मोराची गोष्ट मी तोवर कधी ऐकली नव्हती. मी दादांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते.

"एक नव्हे," ते म्हणाले. "दोन होते."