अर्जात नसलेला टाका

सीटबेल्ट शिवण्याच्या कारखान्यात मावशीची बावीस वर्षं गेली. अख्खा विभाग तिला मावशीच म्हणायचा.

तिच्या लेकीच्या वयाच्या इंजिनियर साहेबांनी एक नवा पट्टा काढला होता. पट्ट्याला घडी घालून ती घडी टाक्यांनी शिवून टाकायची. गाडी धडकली की टाके ओळीने उसवणार आणि माणसाच्या छातीला बसणारा हिसका कमी होणार. कल्पना झकास, पण चाचणीत सगळे टाके एकदमच फाटकन तुटायचे. साहेब आठ महिने डोकं धरून बसले होते. एका दुपारी मावशीने कुणाला न विचारता खालचा दोरा बारीक घेतला, पहिल्या ओळी सैल घातल्या आणि पुढे दर ओळीला ताण थोडा थोडा वाढवत नेला. पट्टा सर्रकन, ओळीने उसवत गेला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच आठवड्यात पेटंटचा अर्ज ठोकला. नाव अर्थातच त्यांचं एकट्याचं.

वर्षाने पेटंट कार्यालयाचं पत्र आलं. टाके ओळीने उसवतात असं अर्जात म्हटलंय, पण ते घालायचे कसे, हे कुठेच लिहिलेलं नाही. या कामातल्या साध्या कारागिराला नुसता अर्ज वाचून हा पट्टा बनवता येईल का?

साहेब एक कागद घेऊन मशीनपाशी आले.

"मावशी, इथे सही करा."

तिने चष्मा लावून वाचलं. 'मी या कामातली साधी कारागीर आहे. अर्ज वाचून मला हा पट्टा सहज बनवता आला.'

"साहेब, मी अर्ज कुठे वाचला? मी आधी बनवला, मग तुम्ही अर्ज लिहिलात."

"पण दोऱ्याचं आता अर्जात घालता येत नाही हो, एकदा दिलेल्या अर्जात नवं काही चालत नाही. ते कुणालाही सुचण्यासारखं होतं, एवढंच दाखवायचंय."

"मग तुम्हाला का नाही सुचलं?"

साहेब कसंनुसं हसले. "लेकीला पॅकिंगमध्ये घ्या म्हणत होतात ना? मी बोलतो वरती."

मावशीने कागद मशीनवर सपाट केला. मग तिने सही केली. आपल्या हाताने आपलंच नाक कापल्यासारखं वाटलं.

पेटंट मिळालं. लेकही पॅकिंगला लागली. साहेबांना वरच्या मजल्यावर खोली मिळाली. पट्ट्याचं काम वाढलं तशा तीन नव्या मुली आल्या. त्यांच्या हातात अर्जाची प्रत दिली गेली. तिघींचेही पट्टे चाचणीत फाटकन तुटले.

साहेब खाली आले. "मावशी, जरा दाखवता का यांना?"

"काय दाखवायचं? वाचून कुणालाही येतं. मी सही करून दिलीय तसं."

साहेबांचा चेहरा पडला. ते जिना चढून गेले. मावशीने एक पट्टा पुरा केला, दुसरा हातात घेतला, खाली ठेवला. हे पट्टे लावून उद्या कुणीतरी गाडीत बसणार होतं.

"सरक गं जरा," ती पहिल्या मुलीला म्हणाली आणि तिच्या मशीनचा खालचा दोरा काढू लागली.