सोबतीण

चष्म्याच्या दुकानात ताईंचं अर्धं आयुष्य गेलं, पण 'तुम्हाला कुठली आवडली?' असं त्यांनी एकदाही कुणाला विचारलं नाही. विचारलं की गिऱ्हाईक गोंधळतं. समोर भिंतभर फ्रेम्स, आधीच अंधूक दिसतंय, त्यात बरोबर आलेल्या बायकोचं मत वेगळं. ताई गप्प उभ्या राहायच्या आणि ट्रेमधली एकेक फ्रेम उचलून घ्यायच्या. जिच्याकडे माणूस दुसऱ्यांदा बघत नाही, ती गेली. शेवटी काउंटरवर दोनच उरायच्या.

या कामाला इंग्रजीत नाव आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. धाकटे मालक दुकानात बसू लागले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, नॅरो डाउन करायला शिका." ताईंनी निमूटपणे अरुंद फ्रेम्स काढून खालच्या फळीवर लावल्या. धाकट्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, खूप पर्याय असले की छाटत छाटत थोडक्यांवर यायचं, ते नॅरो डाउन. विसातल्या दोनच ठेवायच्या."

"मग ते तर मी रोजच करते की!"

शब्द मात्र ताईंना आवडला. घरी लेक कॉलेजांची माहितीपत्रकं पसरून बसली, की त्या ऐटीत म्हणायच्या, "आधी नॅरो डाउन कर बघू." लेकीची हसून पुरेवाट व्हायची.

एक गोष्ट मात्र ताईंनीच धाकट्यांना शिकवली होती. उरलेल्या दोन फ्रेम्स सारख्या नसतात. एक विकायची असते. दुसरी नुसती तिच्या शेजारी ठेवायची, म्हणजे पहिली उठून दिसते आणि माणसाला वाटतं, आपणच निवडली. त्या दुसरीला ताई 'सोबतीण' म्हणायच्या. जाड, तपकिरी, दणकट फ्रेम होती. रोज काउंटरवर मिरवायची आणि संध्याकाळी मुकाट्याने खणात परत जायची.

मग धंदा बसला. दुकानातल्या बायकांपैकी एकीलाच ठेवायचं ठरलं. ताईंचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं, हे मालकांनाही ठाऊक होतं. धाकट्यांनी त्यांना आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"ताई, नॅरो डाउन करून दोघींवर आणलंय. तुम्ही आणि ती नवी मुलगी. उद्या सांगतो," असं म्हणून ते अभिनंदन केल्यासारखे हसले.

ताईंनी केबिनच्या काचेतून बाहेर पाहिलं. नवी मुलगी काउंटरशी उभी होती. तरतरीत, बोलकी, चेहऱ्यावर नुसता उजेड. त्याच काचेत ताईंना स्वतःचा चेहराही दिसला. रडू आलं नाही, रागही आला नाही. काहीच आलं नाही. "बरं," म्हणून त्या उठल्या आणि संध्याकाळपर्यंत चष्मे विकत राहिल्या.

लेक दारातच उभी होती. "काय म्हणाले गं?"

"नॅरो डाउन झालंय. दोघी उरल्यात."

"तू आहेस ना त्यात?"

"आहे."

"अगं, मग झालंच की! दुसरी कोण?"

ताईंनी चपला काढल्या आणि नेहमीच्या जागी नीट लावून ठेवल्या.

"दुसरी मीच," त्या म्हणाल्या.